जीपीएसच्या परावर्तित सिग्नलवरून समुद्राचा बर्फ ओळखायचा कसा: सुरुवात जायकवाडीपासून करा

आधी एक गोष्ट क्लिअर करू, म्हणजे पुढं डोकेफोड वाचंल. जीपीएसचा सिग्नल बर्फ बघत नाही, तो सपाटपणा बघतो. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे का खडबडीत, मुख्यतः एवढंच त्या सिग्नलमधून कळतं, आणि "गुळगुळीत आहे म्हणजे इथं बर्फ असणार" हा अंदाज आपण वरून लावलेला असतो. तो अंदाज कुठं बरोबर येतो आणि कुठं फसतो हे समजून घेणं म्हणजेच हे काम. बाकी सगळं फाइली उघडणं आणि प्लॉट काढणं.

हा लेख बीएससी-एमएससीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पोरापोरींसाठी आहे, ज्यांना पायथॉन थोडंफार येतं आणि प्रोजेक्टला काहीतरी वेगळं पाहिजे. मराठवाड्यात समुद्र नाही आणि बर्फ आपण रसवंतीवरच बघितलेला, मग आपण कशाला यात पडायचं असं वाटू शकतं. पण डेटा फुकट आहे, लॅपटॉप साधा चालतो, आणि सराव करायला नाथसागर (पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय) घराजवळच आहे, ते कसं ते पुढं सांगतो. शिवाय आर्क्टिकचा बर्फ आणि आपला पाऊस यांचा काहीच संबंध नाही असंही नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक पेपर काढला, त्यात आर्क्टिकमधला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि मान्सूनच्या शेवटी-शेवटी होणारा अतिपाऊस यांच्यात संबंध असू शकतो असं दाखवलंय. सप्टेंबरमध्ये सोयाबीन काढणीला आलेलं असताना आभाळ फाटलं की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

थोडी थिअरी, पण ही गाळू नका

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी उंचीवरून चोवीस तास सिग्नल खाली सोडत असतात. तुमच्या मोबाइलला लागतो तो थेट येणारा सिग्नल. पण बराचसा समुद्रावर, जमिनीवर, बर्फावर आपटून परत वर जातो आणि वाया जातो. १९९३ मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीच्या मॅन्युएल मार्टिन-नेइरा यांनी मांडलं की हा वाया जाणारा सिग्नल खालच्या कक्षेतल्या उपग्रहावर पकडला तर समुद्राची उंची मोजता येईल. यात मोठा फायदा म्हणजे आपल्या उपग्रहाला स्वतःचा ट्रान्समीटर लागत नाही, फक्त रिसीव्हर आणि खाली तोंड केलेला अँटेना, त्यामुळं उपग्रह लहान, वीज कमी, खर्च कमी. ढग असोत, रात्र असो, फरक पडत नाही, आणि ध्रुवाकडं कित्येक महिने अंधार असतो तेव्हा साधा कॅमेरा निरुपयोगीच असतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. जीपीएसचा सिग्नल उजव्या हाताच्या वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो आणि पाण्यावर आपटला की तो बहुतांश डाव्या हाताचा होतो, म्हणून खालचा अँटेना डाव्या ध्रुवणाचा लावतात. व्हायवात हे हमखास विचारतात.

आता मुख्य भाग. जीपीएसच्या एल-१ सिग्नलची फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण १९ सेमी. पृष्ठभागाचा चढउतार या १९ सेमीच्या मानानं किती आहे यावर सगळं अवलंबून. ढोबळ नियम असा की चढउतार तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा कमी, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत असला, तर सिग्नल आरशासारखा परत जातो. जास्त असला तर चौफेर विखुरतो. पौर्णिमेच्या रात्री धरणाच्या काठावर उभं राहून बघा, पाणी थिर असलं की चंद्राचा एकच गोल दिसतो, वारा सुटला की तोच चंद्र लांबच लांब पसरलेला चमचमता पट्टा होतो. समुद्रावर लाटा असतात म्हणून जीपीएसचा "पट्टा" होतो, आणि नव्या सपाट बर्फावर "एकच गोल" मिळतो.

हे कागदावर दिसतं ते डिले-डॉप्लर मॅपमध्ये, सगळे त्याला डीडीएम म्हणतात. जीपीएसच्या सीए कोडमध्ये (सिग्नलवर चढवलेला ठरलेला क्रम) १०२३ चिप, म्हणजे तुकडे, असतात, कोड दर १ मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो, आणि एका चिपचं अंतर साधारण २९३ मीटर पडतं. रिसीव्हर आलेला सिग्नल या कोडशी ताडून बघतो: किती उशिरा आला, म्हणजे डिले, आणि फ्रिक्वेन्सी किती सरकली, म्हणजे डॉप्लर. दोन्हीचा मिळून एक चौकोनी नकाशा तयार होतो. उघड्या समुद्रावर त्यात घोड्याच्या नालेसारखा आकार दिसतो, कारण दूर-दूरच्या लाटांवरूनही सिग्नल उशिरा-उशिरा यायलेला असतो. बर्फावर ती नाल आकसून एक घट्ट ठिपका होतो. एकदा डोळ्यानं दोन्ही शेजारी-शेजारी बघितले की विसरत नाही माणूस.

इथं नव्या पोरांचा एक हमखास गोंधळ होतो. बर्फावरून सिग्नल जोरात येतो म्हणजे बर्फ जास्त परावर्तन करतो असं वाटतं, पण उलटंय! खारं पाणी या फ्रिक्वेन्सीला साधारण ६० टक्क्यांच्या वर ऊर्जा परत पाठवतं आणि बर्फ १० टक्क्यांच्या आसपास, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कितीतरी मोठा. तरी डीडीएममध्ये बर्फाचं शिखर उंच आणि टोकदार दिसतं, कारण जे काही थोडं परत येतं ते सगळं एकाच दिशेनं, एकाच फेजमध्ये येतं. पाण्याचं जास्त असूनही ते विखुरलेलं. म्हणून म्हणलं, सिग्नल सपाटपणा बघतो.

पायरी पहिली: लॅपटॉपची तयारी

यात फार वेळ घालवू नका. मिनीकोंडा टाका, नवीन एन्व्हायर्नमेंट करा, त्यात नमपाय, पांडाज, एक्सअरे, नेटसीडीएफ४, मॅटप्लॉटलिब आणि कार्टोपाय. कार्टोपाय पिपनं टाकायला गेलात तर बऱ्याचदा रडवतं, कोंडा-फोर्जवरून टाका. चार जीबी रॅमचा लॅपटॉप असला तर सरळ गुगल कोलॅब वापरा, आणि लाइट जायच्या आत नोटबुक ड्राइव्हला सेव्ह करायची सवय लावा.

पायरी दुसरी: नाथसागरावर हात बसवा

डायरेक्ट आर्क्टिकला जाऊ नका. तिथं तुम्हाला काय दिसायलंय ते खरं का खोटं हे ताडून बघायला स्वतःची अक्कल कामाला येत नाही, कारण आपण ती जागा कधी बघितलेली नाही. पैठणचं पाणी मात्र आपल्याला माहितीय. धरण १५२२ फुटांवर गेलं का, दरवाजे उघडले का, मे महिन्यात कुठपर्यंत गाळ उघडा पडला, हे सगळं बातम्यांत आणि गावात कळतंच.

नासाचे सिग्नस नावाचे ८ छोटे उपग्रह १५ डिसेंबर २०१६ ला गेले, मुळात चक्रीवादळातला वारा मोजायला. त्यांची कक्षा ३५ अंश कललेली, म्हणून ते साधारण ३८ अंश उत्तर ते ३८ अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्यात बघतात. ध्रुवाकडं ते जातच नाहीत, त्यामुळं सिग्नसचा डेटा घेऊन समुद्री बर्फ शोधत बसू नका. पण मराठवाडा त्यांच्या पट्ट्यात बरोबर येतो, आणि प्रत्येक उपग्रह एका वेळी चार-चार परावर्तनं पकडतो, म्हणून आपल्या भागातून बऱ्यापैकी ट्रॅक (परावर्तन बिंदू सरकत जातो ती रेषा) जातात.

करायचं असं. नासाच्या अर्थडेटावर फुकट अकाउंट काढा, सिग्नसचा लेव्हल-१ डेटा शोधा. फाइली शेकडो एमबीच्या असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा पॅक उडून जाईल, म्हणून पूर्ण फाइल ओढू नका, सर्व्हरवरच पाहिजे तेवढे कॉलम आणि पाहिजे तेवढी चौकट कापून घ्यायची सोय आहे ती वापरा. चौकट घ्या १९.३ ते १९.७ उत्तर आणि ७४.९ ते ७५.४ पूर्व. पाहिजे काय तर परावर्तन बिंदूचे अक्षांश-रेखांश, वेळ, आपतन कोन (सिग्नल उभ्या रेषेपासून किती तिरका आला तो), एसएनआर (नॉइजच्या मानानं सिग्नल किती जोरात आहे ते), क्वालिटी फ्लॅग (माप भरवशाचं आहे का ते सांगणारी खूण) आणि डीडीएम. सिग्नसचा डीडीएम लहान असतो, १७ डिले गुणिले ११ डॉप्लर.

आता एक ट्रॅक घ्या जो तलाव ओलांडून जातोय आणि वेळेप्रमाणं एसएनआर प्लॉट करा. जुलै २०१९ नंतरच्या डेटात दर अर्ध्या सेकंदाला एक माप येतं, म्हणजे जमिनीवर साधारण तीन-तीन किमीवर एक ठिपका. नांगरलेल्या काळ्या रानावर एसएनआर खाली पडलेला, आणि पाण्यावर पोचला की खटकन वर उडी, पलीकडच्या काठाला परत खाली. त्या उडीच्या जागेचा डीडीएम काढून बघा: घट्ट ठिपका. आर्क्टिकच्या बर्फावर दिसतो अगदी तसाच. दोन प्रिंट शेजारी ठेवले तर नाथसागर कुठला आणि बर्फ कुठला हे नवख्याला सांगता येणार नाही.

पण इथंच थांबू नका, मजा पुढं आहे. त्याच पाण्यावरून गेलेले वेगवेगळ्या महिन्यांचे ट्रॅक घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या शांत पहाटे ठिपका टोकदार येईल, आणि जून-जुलैत वारा भणाणतोय तेव्हा तेच पाणी पसरलेलं, मंद दिसेल, कारण एवढा मोठा तलाव म्हणल्यावर लाटा दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर सहज जातात. पाणी तेच, उपग्रह तोच, उत्तर वेगळं. आणि जोराचा पाऊस होऊन रान भिजलं की जमिनीचा एसएनआरही वर चढतो, मग काठ कुठं संपला ते ओळखू येत नाही. हे सगळं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं की ध्रुवावरच्या निम्म्या चुका तुम्ही करणारच नाही.

पायरी तिसरी: आता ध्रुवाकडं

यासाठी ध्रुवीय कक्षेतला उपग्रह पाहिजे. शिकायला सगळ्यात बरा म्हणजे ब्रिटनचा टेकडेमोसॅट-१. ८ जुलै २०१४ ला गेला, साधारण ६३५ किमी उंचीवर फिरला, आणि २०१८ च्या शेवटापर्यंतचा डेटा आहे. बर्फावरचे सुरुवातीचे गाजलेले पेपर बहुतेक याच डेटावर आहेत, त्यामुळं आपलं उत्तर ताडून बघायला भरपूर साहित्य सापडतं. (याच्याही आधी यूके-डीएमसी होता, २००३ चा, त्यानं पहिल्यांदा समुद्री बर्फावरून आलेला जीपीएस सिग्नल अंतराळात पकडून दाखवला, पण तो डेटा मूठभरच.)

फाइली ६-६ तासांच्या तुकड्यात असतात, प्रत्येक तुकड्याला एक मेटाडेटाची आणि एक डीडीएमची. प्रत्येक ट्रॅक वेगळ्या ग्रुपमध्ये असतो, म्हणून एक्सअरेनं फाइल उघडली आणि रिकामी दिसली तर घाबरू नका, ग्रुपचं नाव द्यावं लागतं. डीडीएम इथं मोठा, १२८ डिले गुणिले २० डॉप्लर. आणि अजून एक, बराच काळ हा रिसीव्हर आठ दिवसांतून दोनच दिवस चालू असायचा, बाकी दिवस उपग्रहावरच्या दुसऱ्या उपकरणांचे. मधले दिवस सापडत नाहीत म्हणून डाउनलोड पुन्हा-पुन्हा मारत बसू नका.

पायरी चौथी: निवडून घेणं

हे काम कंटाळवाणं आहे पण निकाल इथंच ठरतो. ज्वारी निवडल्याशिवाय दळायला टाकत नाहीत. अक्षांश ५५ किंवा ६० च्या वरचेच बिंदू ठेवा. आपतन कोन ४५ अंशांच्या आतले ठेवा, कारण तिरक्या कोनात खडबडीत पृष्ठभागही गुळगुळीत भासतो. अँटेनाचा गेन कमी असलेले आणि एसएनआर अगदीच पडलेले काढून टाका. किनाऱ्यापासून निदान २५ किमी लांब राहा, नाहीतर जमीन डीडीएममध्ये घुसते आणि सगळा खेळखंडोबा.

सुरुवातीच्या महिन्यांचा डेटा ऑटोमॅटिक गेनवर घेतलेला आहे, म्हणजे रिसीव्हर आपला आवाज स्वतःच कमी-जास्त करत होता. त्यामुळं नुसत्या पॉवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, आकारावर ठेवायचा. प्रत्येक डीडीएममधून आधी नॉइज वजा करा, म्हणजे सिग्नल यायच्या आधीच्या ज्या ओळी असतात त्यांची सरासरी, आणि मग सगळ्यात मोठ्या आकड्यानं भागा. शिखर आता १ वर आलं, सगळे डीडीएम एका मापात.

पायरी पाचवी: आकाराचा आकडा करणं

तुमच्या डोळ्याला नाल आणि ठिपका कळतो, कॉम्प्युटरला आकडा लागतो. तीन सोप्या रीती आहेत. पहिली, शिखराच्या अमुक टक्क्यांपेक्षा वर किती पिक्सेल आहेत ते मोजा: पाण्यावर जास्त, बर्फावर कमी. दुसरी, मधल्या डॉप्लरची एक ओळ घेऊन शिखरानंतर ती किती झपकन खाली उतरते तो उतार काढा. बर्फावर धाडकन, पाण्यावर रेंगाळत. तिसरी, एकदम आदर्श आरशावरून आला असता तर डीडीएम कसा दिसला असता तो गणितानं काढा आणि आपला त्याच्याशी किती जुळतो ते बघा. मला तिसरी आवडते, कारण तिच्यात मूळ प्रश्न सरळ विचारलेला असतो की आरसा आहे का नाही. पण सुरुवात पिक्सेल मोजण्यापासूनच करा, दहा ओळींचा कोड आहे. न्यूरल नेटवर्कची घाई करू नका, गाइडला ते लई आवडतं हे मान्य, पण साध्या आकड्यावर हिस्टोग्राम काढून पाणी आणि बर्फाचे दोन डोंगर वेगळे दिसायलेत का ते आधी बघा. दोन डोंगरांच्या मधली दरी म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड.

पायरी सहावी: खरं काय होतं ते आणायचं कुठून

युमेटसॅट या युरोपच्या हवामान-उपग्रह संस्थेचं ओएसआय-सॅफ हे केंद्र रोजचा बर्फाचा नकाशा देतं, १० किमीच्या चौकटीत किती टक्के बर्फ ते. प्रथेप्रमाणं १५ टक्क्यांच्या वर म्हणजे बर्फ धरतात. आपल्या प्रत्येक बिंदूला त्या दिवसाच्या नकाशातला जवळचा चौकोन जोडा. इथं दोन्हीकडची मापं नीट समजून घ्या. सपाट बर्फावर सिग्नल एका क्षणी काहीशे मीटरच्या ठिकाणावरूनच येतो, पण टेकडेमोसॅटचा डीडीएम एका सेकंदाची बेरीज असतो, तेवढ्यात बिंदू सहा-साडेसहा किमी पुढं सरकलेला असतो. आणि नकाशा दिवसभराचा एकच. बर्फाची कड वाऱ्यानं दिवसात बरीच सरकते, म्हणून कडेजवळ तुमचं आणि नकाशाचं भांडण होणारच, त्यात दर वेळी चूक तुमचीच असते असं नाही.

पायरी सातवी: तपासणी, आणि इथं लबाडी होते

माहीत नसताना होते, पण होते. एकाच ट्रॅकवरचे शेजारचे दोन बिंदू जवळपास सारखेच असतात. सगळा डेटा पत्त्यांसारखा पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला घेतला, तर तपासणीतल्या प्रत्येक बिंदूचा सख्खा शेजारी शिकवणीत बसलेला असतो, म्हणजे पेपर फुटलेलाच. मग ९९ टक्के अचूकता येते आणि ती पोस्टरवर छापली जाते. वाटणी दिवसांप्रमाणं करा, त्याहून बरं महिन्यांप्रमाणं: जानेवारी-मार्चवर शिकवा, नोव्हेंबर-डिसेंबरवर तपासा. आणि अचूकतेचा एकच आकडा देऊ नका. डेटात दहात नऊ बिंदू पाण्याचे असतील तर डोळे झाकून "पाणी" म्हणणाराही ९० टक्के मिळवतो. बर्फाला पाणी किती वेळा म्हणलं आणि पाण्याला बर्फ किती वेळा, हे वेगवेगळं सांगा.

चुकलेले बिंदू नकाशावर टाका. हे लोकं करतच नाहीत आणि खरं ज्ञान तिथंच असतं. बहुतेक चुका चार ठिकाणी सापडतील. वारा नसलेला शांत समुद्र किंवा खाडी, जी बर्फासारखी दिसते (डिसेंबरचा नाथसागर आठवा). बर्फाला पडलेल्या भेगांमधलं पाणी, जे आडोशामुळं थिर असतं. जुना, एकमेकांवर चढून उंचसखल झालेला बर्फ, जो समुद्रासारखा पसरलेला दिसतो. आणि जुलै-ऑगस्टमधला आर्क्टिक, जेव्हा बर्फाच्या वरच वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, तेव्हा सिग्नल बिचारा पाण्यावरूनच आलेला असतो, खाली बर्फ आहे हे त्याला कुठून कळणार. म्हणून पहिल्या प्रोजेक्टला हिवाळाच घ्या.

जाडी मोजता येते का?

सगळे हेच विचारायलेत. थोडक्यात सांगतो. बर्फाची उंची फेजवरून काढता येते, २०१७ मध्ये टेकडेमोसॅटच्याच डेटावर कॅनडातल्या हडसन बे या उपसागराच्या बर्फावरून काही सेंटिमीटरच्या अचूकतेनं ती काढून दाखवलीय. पण तरंगत्या बर्फाचा साधारण दहावा हिस्साच पाण्याच्या वर असतो, म्हणजे उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत दहाएक सेंटिमीटरचा घोळ, वरून बर्फावर साचलेला हिम वेगळाच. शिवाय त्याला डीडीएम पुरत नाही, कच्चा सिग्नल लागतो, आणि तो फार थोड्या ठिकाणचा मिळतो. पहिल्या प्रोजेक्टला या वाटेला जाऊ नका. पुढं पीएचडीला बघता येईल, तेव्हा ऑस्ट्रियाच्या टीमनं बनवलेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गेलेला युरोपचा प्रेटी हा क्यूबसॅट (अगदी छोटा, डब्यासारखा उपग्रह) बघा, तो मुद्दाम तिरक्या कोनातून उंची मोजायलाच बनवलाय. एफएसएसकॅटही बघा, सप्टेंबर २०२० मध्ये गेलेली बार्सिलोनावाल्यांची जोडी, तिच्यात परावर्तनाचा रिसीव्हर आणि रेडिओमीटर (पृष्ठभागातून आपोआप निघणारी ऊर्जा मोजणारं उपकरण) एकत्र होते.

नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा, वापरून हे करता येईल का, असंही विचारतात. नाविकचे उपग्रह आपल्या भागावरच राहतील अशा कक्षेत आहेत, त्यामुळं आर्क्टिकच्या बर्फासाठी तो स्रोत कामाचा नाही. नाथसागरासाठी मात्र विचार करण्यासारखा आहे, एखाद्याने काठावर टॉवर उभारून बघावं.

विषय निवडताना अख्खा आर्क्टिक घेऊ नका. हडसन बे घ्या, उन्हाळ्यात तिथं उघडं पाणी असतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो गोठत जातो, म्हणजे एकाच जागेवर पाणी आणि बर्फ दोन्ही मिळतात. २०१५ चे ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने उतरवून घ्या, एक-एक अंशाच्या चौकटी पाडा, आणि प्रत्येक चौकटीत तुमच्या आकड्यानं पहिल्यांदा "बर्फ" कधी म्हणलं आणि ओएसआय-सॅफनं कधी म्हणलं, एवढंच टेबल बनवा. तुमचं उत्तर आधी येणाऱ्या चौकटींना लाल रंग द्या, आणि त्या दिवशी तिथं वारा किती होता ते शोधून शेजारच्या कॉलममध्ये लिहा.